‘वयानं झालं असेल’ म्हणण्याआधी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं : घरातल्या वडीलधाऱ्यांच्या अंगावर वयाच्या कोणत्या खुणा दिसतात आणि त्यातल्या कोणत्या खुणेनं जीव धास्तावतो? परभणीपासून परांड्यापर्यंतची पत्रं आली. बहुतेक पत्रांच्या शेवटी एकच वाक्य होतं : ‘वयानं झालं असेल, नाही का?’ काही वेळा उत्तर हो आहे, काही वेळा ठाम नाही. पुढची उत्तरं वाचताना एक कसोटी हाताशी असू द्या. वयाची खूण हळूहळू येते, बहुधा दोन्ही बाजूंना सारखी येते आणि तिच्यासोबत ताप, वेदना किंवा वजन उतरणं नसतं. जे चार दिवसांत आलं किंवा एकाच बाजूला आलं, ते वयाच्या खात्यावर टाकू नका.

प्रश्न (माजलगाव) : वडील 66 वर्षांचे आहेत. सगळा जन्म कापसाच्या रानात गेला. मानेची मागची कातडी काळी, जाड आणि उन्हाळ्यातल्या रानासारखी भेगाळली आहे. चेहऱ्यावरून ऐंशीचे वाटतात. त्यांच्याच बरोबरीचे शाळेतले गुरुजी पन्नाशीचे दिसतात. वडिलांना आतून काही झालं असेल का?

उत्तर : मानेवरच्या त्या भेगा म्हणजे वय थोडं आणि ऊन फार. खात्री करायची असेल तर वडिलांना सदरा काढून उजेडात बसवा. दंडाची आतली बाजू, काखेजवळची, नीट बघा. मग मानेची कातडी बघा. दंडाच्या आतली कातडी मऊ, पातळ, धुऊन धुऊन विरलेल्या मलमलीसारखी असेल, बारीक चुण्या असतील, रंग एकसारखा असेल. तेच त्यांच्या कातडीचं खरं वय. गुरुजींच्या दंडाची आतली बाजू पाहिलीत तर दोघांत फारसा फरक सापडणार नाही.

कारण असं. कातडीच्या आतल्या थरात कोलॅजनचे दोर असतात, ते तिला ताठ ठेवतात, आणि इलॅस्टिनचे धागे असतात, ते ताणलेली कातडी परत जागेवर आणतात. वयानं हे दोन्ही कमी होतात, म्हणून नुसत्या वयानं कातडी पातळ होते. उन्हातले अतिनील किरण मात्र कोलॅजन तोडतात, आणि तुटलेल्या जागी इलॅस्टिनचे वेडेवाकडे गठ्ठे साचतात. त्यामुळं उन्हानं कातडी जाड, राठ होते आणि तिला खोल घड्या पडतात. वडील बिडी ओढत असतील तर ओठांभोवतीच्या उभ्या रेषा तिच्या.

टोपीनं टाळू झाकते, मान नाही. खुरपणीला किंवा वेचणीला माणूस वाकला की ऊन नेमकं मानेवर पडतं. म्हणून पटका किंवा मोठी दस्ती अशी बांधा की तिचा पदर मानेवर लोंबेल. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा असू द्या. उन्हाळ्यात 11 ते 4 रानातलं काम टाळता आलं तर उत्तम. पडलेल्या घड्या आता जाणार नाहीत, त्यासाठी महागड्या मलमांवर पैसे घालवू नका. खाज येत असेल तर आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, खोबरेल लावा. कोरड्या अंगावर चोळलेलं तेल वरवर चोपडं करतं, ओलसर अंगावर लावलेलं तेल आतलं पाणी धरून ठेवतं.

दाखवायला कधी न्यायचं? महिनाभरात न भरणारी जखम, काठ उचललेली किंवा सारखी रक्ताळणारी गाठ, आणि तळपायावर वाढत जाणारा काळा डाग. हे वय नाही, ऊनही म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न (अंबाजोगाई) : माझं वय 54. दोन्ही नडग्यांवर आणि हातांवर पांढरे ठिपके उठले आहेत. कोड असेल या भीतीनं झोप लागत नाही, घरात मुलीचं लग्न ठरतंय. एकानं बावचीचं तेल सांगितलं आहे.

उत्तर : ताई, आधी बावची बाजूला ठेवा. ती लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, फोड येतात, आणि नसलेला डाग कायमचा पडतो.

तुम्ही लिहिलेले ठिपके चाळिशीनंतर फार जणांना येतात. प्रत्येक ठिपका साबुदाण्याएवढा, दोन ते पाच मिलिमीटरचा असतो, कडा रेखीव असते, पृष्ठभाग गुळगुळीत असतो. ते नडग्यांवर आणि हातांच्या बाहेरच्या बाजूला येतात. वर्षं जातील तशी संख्या वाढते, पण एकेक ठिपका आहे तेवढाच राहतो आणि ठिपके एकमेकांत मिसळत नाहीत. त्या जागी रंग तयार करणाऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, एवढंच. संसर्ग नाही, आनुवंशिक कोड नाही. उपचाराची गरज नाही.

कोडाचा डाग दुधासारखा पांढराफेक असतो, बहुधा ओठांभोवती, बोटांच्या टोकांवर, डोळ्यांजवळ किंवा घोट्यावर सुरू होतो, पसरत जाऊन शेजारच्या डागाला मिळतो, आणि त्यावरची लवही पुष्कळदा पांढरी होते. तोही शिवल्यानं होत नाही.

एक तपासणी मात्र घरी करा. कापसाची वात टोकदार वळा. डोळे मिटून बसा आणि मुलीला ती कधी डागावर, कधी शेजारच्या चांगल्या कातडीवर हलकेच टेकवायला सांगा. टेकली की बोट ठेवून जागा दाखवायची. फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. तिथं त्याचं औषध मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. साबुदाण्याएवढ्या ठिपक्यांवर स्पर्श नीट कळतो.

प्रश्न (वसमत) : आजीच्या हातावर काही न लागता जांभळे डाग पडतात.

उत्तर : लागलेलं असतं, पण इतकं हलकं की आठवत नाही. बाजेची कड, बांगडी, कुणी आधार देताना धरलेला हात, एवढंही पुरतं. कातडीखालची चरबी आणि कोलॅजन विरळ झालं की बारीक रक्तवाहिन्यांना गादी उरत नाही. डाग एक ते तीन आठवड्यांत जातो, मागं तपकिरी छटा राहते. चोळू नका. आजीला उचलताना मनगटाला न धरता काखेत हात घाला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना डाग दाखवा, गोळी स्वतःहून बंद करू नका. हातांऐवजी पोटावर, पाठीवर असे डाग दिसले किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर रक्ताची तपासणी त्याच आठवड्यात करा.

प्रश्न (औसा) : आईची उंची कमी झाल्यासारखी वाटते. पूर्वी फळीवरचा डबा सहज काढायची, आता हात पुरत नाही. पाठही गोल झाली आहे. दुखत काही नाही. म्हातारपणी सगळेच वाकतात ना?

उत्तर : थोडे सगळेच. चाळिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण एक सेंटीमीटर उंची जाते, सत्तरीनंतर जरा जास्त. मणक्यांच्या मध्ये 23 चकत्या असतात आणि कण्याच्या लांबीचा सुमारे चौथा हिस्सा त्यांचाच. वयानं त्यांतलं पाणी कमी होतं आणि त्या चपट्या होतात. हे वयाचं. पण फळी न पुरण्याइतका फरक पडला असेल तर मोजल्याशिवाय राहू नका.

मोजायचं सकाळी, कारण दिवसभराच्या भारानं संध्याकाळपर्यंत उंची सेंटीमीटरभर उतरते आणि दोन वेळांची मापं जुळत नाहीत. आईला अनवाणी, सपाट फरशीवर, भिंतीला पाठ लावून उभं करा. अंबाडा सोडायला सांगा, नाहीतर तो मोजला जातो. टाचा भिंतीला, नजर सरळ समोर. डोक्यावर पाटी भिंतीशी काटकोनात टेकवा, तिच्या खालच्या कडेशी पेन्सिलनं खूण करा आणि टेपनं मोजा. तीनदा मोजून मधला आकडा तारखेसह लिहून ठेवा.

तरुणपणची उंची माहीत नसेल तर दोन्ही हात आडवे पसरून मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. कणा खचला तरी हातांची लांबी तीच राहते, आणि ही वाव तरुणपणच्या उंचीच्या जवळपास असते. वाव दोन-चार सेंटीमीटरनं मोठी असणं मुळातलंच असू शकतं, त्याहून बराच फरक निघाला तर उंची खरोखर गेली आहे. एकूण चार सेंटीमीटर किंवा जास्त गेली असेल, किंवा दोन मोजण्यांत दोन सेंटीमीटरचा फरक आला, तर एखादा मणका दबल्याची शंका घ्यायची.

आणखी दोन खुणा बघा. भिंतीला टाचा-पाठ लावून उभं राहिल्यावर, हनुवटी न उचलता, डोकं मागं भिंतीला टेकतं का? टेकत नसेल तर पाठीचा वरचा भाग वाकला आहे. मग आईच्या मागं उभं राहून कुशीत, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधल्या जागेत बोटं आडवी ठेवा. दोन बोटं किंवा त्याहून कमी जागा उरली असेल तर खालचे मणके दबले असण्याचा संभव आहे.

दुखत नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, इथंच बहुतेक घरांची चूक होते. हाडं ठिसूळ झाली की मणका नुसतं खाली वाकून घागर उचलतानाही दबतो, आणि बरेच मणके काही न दुखता दबतात. पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत बायकांची हाडं झपाट्यानं विरळ होतात. एक मणका दबला की दुसरा दबण्याचा आणि खुब्याचं हाड मोडण्याचा धोका वाढतो. पाठीचा एक्स-रे आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्या. आज ठिसूळपणावर चांगली औषधं आहेत. तोवर जड उचलणं आणि कमरेतून वाकून झाडणं बंद. लांब दांड्याचा झाडू आणा.

प्रश्न (गंगाखेड) : बाबांच्या डोळ्यात पांढरं दिसतं. मोतीबिंदू का? गंमत म्हणजे चष्मा काढूनही ते आता पेपर वाचू लागले आहेत. नजर सुधारली असं सगळे म्हणतात.

उत्तर : पांढरं नेमकं कुठं आहे ते बघा. बाबांना खिडकीसमोर बसवा आणि बाजूनं मोबाइलची बॅटरी धरा. बुबुळाच्या काठानं राखाडी-पांढरं कडं असेल तर ते वयाचं. तिथं चरबीचे कण साचतात, नजरेला धक्का लागत नाही. मात्र पंचेचाळिशीच्या आत असं कडं दिसलं तर रक्तातलं कोलेस्टेरॉल तपासावं. नाकाकडच्या कोपऱ्यातून मांसाचा त्रिकोण बुबुळावर सरकत असेल तर ते ऊन, धूळ आणि वाऱ्यानं वाढलेलं मांस, शेतकऱ्यांत हे नेहमी दिसतं. आणि अगदी मधल्या काळ्या बाहुलीतच राखाडी झाक असेल तर तो मोतीबिंदू.

पेपर वाचता येण्यानं हुरळून जाऊ नका. चाळिशीत डोळ्यातलं भिंग कडक होतं आणि जवळचं दिसेना होतं, त्या चष्म्यालाच आपण ‘चाळिशी’ म्हणतो. मोतीबिंदू मध्यभागी धरू लागला की भिंग घट्ट होऊन त्याची ताकद वाढते, त्यामुळं काही महिने जवळचं बिनचष्म्याचं दिसतं. त्याच वेळी लांबचं मात्र धूसर होतं. बाबांना विचारा : एस.टी.ची पाटी पूर्वीच्या अंतरावरून वाचता येते का? रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड फाकतो का? उत्तरं तशी आली तर डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट बघायचे दिवस गेले, फार पिकला की ऑपरेशन उलट अवघड होतं.

डोळा लाल, दुखरा, दिव्याभोवती रंगीत कडी आणि उलटी, असं एकत्र आलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो काचबिंदूचा झटका असू शकतो आणि नजर कायमची जाऊ शकते.

प्रश्न (कळंब) : मामंजींना माझं बोलणं ऐकू येत नाही, पण यांचं बरोबर ऐकू येतं. मुद्दाम करतात असं वाटून मन खट्टू होतं.

उत्तर : मुद्दाम करत नाहीत, हे खात्रीनं सांगतो. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. बायकांचा आणि लेकरांचा आवाज वरच्या पट्टीत, पुरुषांचा खालच्या. शिवाय स, श, च, त, क, फ ही व्यंजनं याच वरच्या भागात येतात, तर आ, ओ, ऊ हे स्वर खाली. त्यामुळं ‘सात’ म्हटलं काय, ‘हात’ म्हटलं काय नि ‘खात’ म्हटलं काय, त्यांच्या कानात ‘आ’ तेवढा घुमतो. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. ओरडल्यानं स्वर मोठा होतो, व्यंजन नाही, वर ओरडल्याचा रागही येतो.

समोर या, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या, आधी हाक मारून लक्ष वेधा, मग सावकाश आणि नेहमीपेक्षा थोड्या खालच्या पट्टीत बोला. टी.व्ही. आणि मिक्सर बंद असताना बोला. एकदा कानातला मळ डॉक्टरांकडून काढून घ्या, हेअरपिन किंवा काडी घालू नका, तिनं मळ आणखी आत जातो. मग श्रवणचाचणी. एकाच कानाला कमी ऐकू येणं वयाचं नाही. आणि एक कान अचानक गेला तर तीन दिवसांच्या आत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, उशीर झाला की उपचाराचा उपयोग घटतो.

प्रश्न (नांदेड) : आजोबांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. अंगातलं पाणी कमी झालं म्हणायचं का?

उत्तर : लेकरांत ही परीक्षा बरोबर, म्हाताऱ्यांच्या हातावर ती फसते. लवचिकपणाच गेलेला असतो, भरपूर पाणी प्यायलेल्या आजोबांचीही चिमटी उभीच राहील. छातीच्या हाडावर, गळ्याच्या खाली, चिमटी घेऊन बघा. त्याहून जीभ बघा, कोरडी आणि चिरलेली आहे का. लघवी गडद पिवळी, थोडी थोडी होते का. बोलण्यात एकाएकी गोंधळ आला का. उतारवयात तहानच मंदावते, म्हणून मे महिन्यात ‘तहान लागली की पितील’ यावर विसंबू नका. लिटरभराचा तांब्या सकाळी भरून बाजेजवळ ठेवा, दुपारी संपला की पुन्हा भरा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचं माप डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

प्रश्न (सेलू) : आबांचं वजन दहा वर्षांत बदललं नाही, पण पोटऱ्या काटकुळ्या झाल्या आणि पोट सुटलं. जमिनीवरून उठताना खांबाचा आधार घेतात.

उत्तर : वजनकाटा इथं फसवतो. स्नायू झिजले आणि तेवढीच चरबी पोटावर आली, आकडा तोच राहिला. आबांना खुर्चीवर बसवा, पाय जमिनीवर सपाट. त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती कडं करावं. बोटं भिडूनही कडं सैल राहिलं तर स्नायू कमी आहेत. टेपनं मोजलं तर पुरुषाची पोटरी 34 सेंटीमीटरहून, बाईची 33 हून कमी नसावी. पायाला सूज असेल तर माप खोटं निघतं, म्हणून आधी नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा राहिला तर सूज आहे आणि ती वेगळी दाखवायला हवी.

मग ताकद. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायचं, मोबाइलवर वेळ लावायची. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर आहेत. खुर्ची भिंतीला टेकवा, प्लॅस्टिकची सरकते आणि माणूस पडतो.

हे भरून येतं, सत्तरीतही. हीच उठबस 8 ते 10 वेळा, थोडं थांबून पुन्हा तेवढीच, एक दिवसाआड. सुरुवातीला हातांचा आधार चालेल. नुसतं फिरून मांड्यांना ताकद येत नाही. आणि जेवण : दात गेले की म्हातारी माणसं भाकरी कुस्करून पातळ वरणात किंवा नुसत्या चहात भिजवून खातात, तिथं प्रथिनं तुटतात. दर किलो वजनामागं रोज एक ग्रॅम तरी हवीत, म्हणजे 55 किलोच्या आबांना 55 ग्रॅम. दोन भाकऱ्यांत साधारण दहा येतात, ग्लासभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्याच्या कुटात सात, अंड्यात सहा, वाटीभर घट्ट वरणात सात. वरण घट्ट करा, कूट भाजीत घाला, ताक-दही दोन्ही वेळा द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारून.

दोन-चार महिन्यांतच पोटऱ्या उतरल्या असतील, किंवा एकाच पायाची उतरली असेल, तर ही सगळी चर्चा बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

प्रश्न (कंधार) : आईचा जन्म कुठं नोंदलेला नाही. आधारवर अंदाजे वर्ष पडलं आहे, ते चुकीचं वाटतं. श्रावणबाळ योजनेला 65 पूर्ण लागतात. डॉक्टर अंगावरून नेमकं वय सांगू शकतात का?

उत्तर : नेमकं नाही, कुणीच सांगू शकत नाही. हाडांची टोकं जुळण्यावरून विशीपर्यंतचं वय बऱ्यापैकी कळतं, गळ्याजवळच्या हाडाचं छातीकडचं टोक सर्वांत शेवटी, तिशीच्या आसपासपर्यंत जुळतं. त्यानंतर मोजायला तशी खूणच उरत नाही. मग दातांची झीज, जबड्याचं हाड, डोळ्यातलं कडं, कातडी, मणके यांचा एकत्र अंदाज करतात, आणि त्यात दहा वर्षांची चूक सहज होते. पांढरे केस तर सर्वांत कमी भरवशाचे, कारण ते घराण्यावर जातात. मिश्री लावणाऱ्या बाईचे दात वेळेआधी जातात आणि रानात राबलेल्या बाईचा चेहरा दहा वर्षं पुढं धावतो, हे वर माजलगावच्या उत्तरात आलंच आहे.

म्हणून कागद आधी शोधा. योजनेला जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिकेतलं किंवा मतदार यादीतलं वय चालतं. यातलं काहीच नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा त्यांच्यावरच्या शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांचा वयाचा दाखला. तिकडं जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका, आईच्या आयुष्याचा हिशोब एका कागदावर मांडून न्या. हैदराबाद संस्थानावरच्या 1948 च्या पोलीस ॲक्शनच्या वेळी ती जन्मली होती का, घरात काय सांगतात? 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती का, तेव्हा लग्न झालं होतं का, न्हाण आलेलं होतं का? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा थोरलं लेकरू कितवीत होतं? त्या थोरल्याचा शाळेचा दाखला सोबत जोडा. त्याचं जन्मवर्ष आणि आईला पहिलं मूल झालं तेव्हाचं वय, या दोन गोष्टी जुळल्या की दाखल्यावर लिहायच्या वयाला आधार मिळतो. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं तर आईला सांगा, कवळी असेल तर ती काढून दाखवायची.